पिसाळलंय असं मीच म्हटलं

आमच्या घरात पिसाळत नाही असं कोण आहे? सुनेला ऑफिसला उशीर झाला की ती पिसाळते. मॅच हरली की मुलगा पिसाळतो. नळाला दोन दिवस पाणी आलं नाही की अख्खी गल्ली पिसाळते. माझं तर विचारूच नका, सासू मरेपर्यंत सांगत होती की ही बाई सकाळी पिसाळलेलीच उठते. आमच्यात तो रागाचा शब्द आहे. चिडला, भडकला, त्याच्या दोन पायऱ्या वर पिसाळला. त्याचा दुसरा अर्थ मला ठाऊक नव्हता असं मी म्हणणार नाही, पण दिवसातून दहा वेळा तोंडात येणाऱ्या शब्दाचा अर्थ कोण बघत बसतं?

त्या शब्दापायी एक कुत्रं पोलिसांच्या गोळीनं मेलं आणि एका म्हाताऱ्याचं घर सुटलं. ते कसं झालं तेवढंच सांगते. माझी बाजू मांडायची नाही, मला बाजूच नाही.

मंगळवार पेठेत आमची पिठाची गिरणी आहे. नवरा गेल्यापासून मीच चालवते. गिरणीच्या घरघरीवर ओरडून ओरडून माझा आवाज असा झालाय की मी कानात बोलायला गेले तरी चौकातला रिक्षावाला मागं वळून बघतो. आणि आमच्या कोल्हापुरात बायकासुद्धा ‘मी येतो, मी जातो’ असंच बोलतात. लिहिताना मी ते ‘येते, जाते’ करून घेतलंय, नाहीतर परगावचा माणूस वाचता वाचता गोंधळायचा. तोंडानं मात्र मी अजून ‘सांगतो’ आणि ‘करतो’च म्हणते.

गिरणीच्या समोर, आठ फुटांची गल्ली ओलांडली की एक खोली. तिथं जॉबरमामा राहायचे. कबनूरला यंत्रमागाच्या कारखान्यात ते जॉबर होते, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारे. त्या खडखडाटात उभा जन्म काढला आणि दोन्ही कान घालवून बसले. बायको कधीच गेलेली, पोरबाळ नाही. थोरल्या बहिणीच्या सोबतीला कोल्हापुरात आले, मग बहीणही वारली, खोली तेवढी राहिली. भाड्याचीच. घरमालकीण मागच्या अंगाला राहायची. मामांना माझ्याशिवाय कुणाचं बोलणं कळत नसे. मी गिरणीतून हाक मारली की ते बरोबर उत्तर द्यायचे. माझ्या आवाजाला सगळ्यांनी नावं ठेवली, पण या एका माणसाच्या कामी तो आला याचा मला मनातून मोठा अभिमान होता.

कुत्रं गल्लीतलंच. तांबडं, एक कान मोडलेला. त्याला नाव नव्हतं. मामा मांडीवर थाप मारायचे आणि ते यायचं, एवढंच. दार वाजलं की ते मामांचा पायजमा ओढायचं. दूधवाला आला की एकदा, पोस्टमन आला की दोनदा भुंकायचं, असं लोक म्हणत. ते मी कधी मोजलं नाही. कुकरच्या शिट्ट्या मात्र त्याला कळायच्या. तिसरी झाली की मामांच्या घोट्याला नाक लावायचं. ही थाप वाटत असेल तर वाटू दे, पण बहिऱ्या माणसाचा भात कधी करपला नाही हे मी समोर बसून बघितलंय. घरमालकीण म्हणायची, “ते कुत्रं हाय म्हणून एकट्याला राहू देतोय, न्हायतर मला झोप लागली नसती.” कुरुंदवाडला मामांचा पुतण्या आहे, शेती-म्हशींचं बरं चाललेलं. तो दर दिवाळीला न्यायला यायचा. मामा म्हणायचे, “माझं कान हितं हायत, ते सोडून कुठं येऊ?”

त्या दिवशी सकाळी साडेदहाला मी गहू ओतत होते. कुत्रं वेगळंच भुंकायला लागलं, म्हणून गिरणी बंद केली आणि बघितलं. मामांचं दार अर्धं उघडं. आत मोरीपाशी मामा आडवे. पाय वाकडा पडलेला, डोळे उघडे, हलत नव्हते. मी धावले. कुत्रं उंबऱ्यावर उभं होतं. रोज माझ्या हातची भाकरी खाणारं कुत्रं, पण त्यानं माझ्या गाऊनचा काठ धरून टराटरा फाडला आणि नडगीवर दात ओढला. पडलेल्या माणसाजवळ कुणी यायचं नाही, असं त्यानं त्याच्या डोक्यानं ठरवलं होतं. मी मागं सरले. तोवर गल्ली जमली. कुणी काठी आणली, कुणी दगड हाणला, कुणी बादलीभर पाणी फेकलं. दगड तोंडावर बसला, मग काय विचारता! तोंडातून लाळ आणि रक्त, अंगावरचे केस उभे.

मी पोलिसांच्या तातडीच्या नंबरला फोन लावला. तो लागतो लांब कुठल्यातरी शहरात. पलीकडं एक मुलगी होती, अगदी पुस्तकातल्यासारखं बोलणारी.

“बोला सर.”

“सर न्हवं, बाई हाय मी. ऐक, मी कोल्हापुरातनं बोलतो, मंगळवार पेठ. म्हातारा माणूस घरात पडलाय, हलत न्हाय. दारात कुत्रं पिसाळलंय, कुणाला आत सोडंना.”

“पिसाळलेलं कुत्रं आहे का सर? कुणाला चावलंय का?”

“व्हय, पिसाळलंय म्हणून तर सांगतोय की! माझ्याच पायाला लागलंय. लौकर माणसं धाडा, म्हातारा मरंल!”

दोनदा म्हटलं मी. दुसऱ्यांदा तर तिनं सरळ विचारल्यावर म्हटलं. आणि माझ्या आवाजात म्हटलं, म्हणजे ते फोनमध्ये जेवढं गेलं त्याच्या चौपट गल्लीत गेलं. पाच मिनिटांत गल्लीच्या तोंडापर्यंत एकच ओरडा, पिसाळलंय, पिसाळलंय, आत जाऊ नका.

पोलीस लगेच आले, त्याबद्दल मी काही वाईट बोलणार नाही. एक तरुण फौजदार, दोन शिपाई. मागं चौकात ॲम्ब्युलन्स उभी राहिली. फौजदारानं विचारलं, कुत्रं पकडणारी गाडी कुणी बोलावली का? कुणी बोलावली नव्हती. जाळी कुणाकडं नव्हती. शिपायानं काठी पुढं केली तशी कुत्र्यानं काठीच धरली. आत मामा पडलेले, बाहेर पन्नास माणसं ओरडताहेत, “साहेब, पिसाळलंय, बघताय काय!” मी बाजूला उभी राहून कुरुंदवाडला पुतण्याला फोन लावत होते. त्या क्षणी मी ‘अहो तसं पिसाळलं नाही ओ, ओळखीचं आहे’ एवढं जरी ओरडले असते! ओरडायचं तर सबंध आयुष्य केलंय मी. पण पुतण्या फोन उचलत नव्हता आणि मी त्याच्यावर चिडत होते.

कुत्रं फौजदाराच्या अंगावर गेलं. त्यानं पिस्तूल काढलं. पहिली गोळी पायरीच्या दगडाला लागून माझ्या गिरणीच्या अर्ध्या ओढलेल्या शटरमधून आरपार गेली. दुसरी कुत्र्याला लागली. ते तिथंच उंबऱ्यावर बसलं, मग आडवं झालं.

मामांना यातलं काही ऐकू गेलं नाही. स्ट्रेचर कुत्र्यावरून उचलून बाहेर काढलं. खुबा मोडला होता, रंग पांढराफट, पण शुद्धीवर होते. गल्लीतून नेताना त्यांचा उजवा हात मांडीवर थाप मारत होता. एकदा, दोनदा, परत. मी स्ट्रेचरबरोबर चालत होते आणि मला ते बघवेना. मी त्यांचा हात धरून ठेवला.

दुपारी मेलेली जनावरं उचलणारी गाडी आली आणि कुत्र्याला घेऊन गेली. त्याचं डोकं तपासून घ्यावं, खरंच रोग होता का बघावं, हे कुणालाच सुचलं नाही. मला तर नाहीच नाही. मी तेव्हा सरकारी दवाखान्यात इंजेक्शनच्या रांगेत होते.

पुढं जे झालं ते आमच्या गावालाच जमतं. संध्याकाळपर्यंत व्हिडिओ सगळीकडं. सकाळी चौकात फौजदाराचा फ्लेक्स, ‘नाद खुळा! पेठेचा रक्षणकर्ता’, खाली गॉगल घातलेल्या अठरा शुभेच्छुकांचे फोटो. त्याच्याच समोर दुपारी दुसरा फ्लेक्स, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, त्यावर कुत्र्याचा फोटो, पण आमच्या कुत्र्याचा नव्हेच, कुठला तरी गुबगुबीत विलायती कुत्रा. प्राणिमित्र मंडळींनी मेणबत्त्या घेऊन मोर्चा काढला. दुसऱ्यांनी भटक्या कुत्र्यांच्या चाव्यांचे फोटो घेऊन मोर्चा काढला. केबलच्या चॅनेलवर दोन्हीकडचे लोक एकमेकांच्या अंगावर धावले. एक म्हणे, आज कुत्र्यावर झाडली, उद्या माणसावर झाडतील. दुसरा म्हणे, सगळ्यांनाच घाला गोळ्या, एकदाची कटकट मिटंल. पेठेतले एक निवृत्त मास्तर तेवढे म्हणाले की आठ फुटांच्या गल्लीत गोळी दगडावरून उडून शटरमधून जाते, तिथं गिऱ्हाईक उभं असतं तर काय, आणि पोलिसांच्या गाडीत एक जाळी ठेवायला काय हरकत आहे? त्यांचं कुणी ऐकूनच घेतलं नाही. मास्तरांच्या बोलण्यात शिवी नव्हती, मग ऐकणार कोण?

माझ्या शटरच्या भोकाबरोबर लोक सेल्फी काढायला यायचे. गहू घेऊन कुणी येत नव्हतं, मोबाइल घेऊन येत होते. पहिले दोन दिवस मी हाकललं. मग म्हटलं मरू दे.

आणि मी काय केलं ते आता सांगते, लाज वाटते तरी सांगते. तालीम मंडळानं फौजदाराचा सत्कार ठेवला, त्यात ‘जागरूक भगिनी’ म्हणून माझाही ठेवला. मी गेले. जरीची साडी नेसून गेले! फेटा बांधला, नारळ दिला, शाल घातली, कुणीतरी भाषणात म्हणालं की या माउलीनं पिसाळलेल्या कुत्र्याची खबर दिली म्हणून आज गल्लीतली लेकरं सुरक्षित आहेत. टाळ्या पडल्या. तेव्हा पहिल्यांदा तो शब्द मला टोचला. पिसाळलेलं? मी तसं कुठं म्हटलं? आणि मग आठवलं की म्हटलं, तसंच म्हटलं, दोनदा. मी शाल सावरली आणि फोटोला उभी राहिले. तो फोटोही फ्लेक्सवर लागला.

आठवड्याभरानं तो फौजदार गिरणीत आला. साध्या कपड्यांत. गव्हाच्या पोत्यावर बसला, पाणी मागितलं. जवळून बघितलं तर मुलगाच की, माझ्या मुलापेक्षा लहान.

“काकू, चौकशी लागलीया माझ्यावर,” तो म्हणाला. “सरावाबाहेर पयल्यांदाच झाडली ओ मी गोळी. जेवण जात न्हाय. सायेब इच्यारत्यात, कुत्रं पिसाळलेलं होतं कशावरनं? मी सांगितलं, कॉल ऐका. तुमचा कॉल हाय तेवढाच माझा आधार हाय. जबाब देताना बदलू नका, हात जोडतो.”

मी त्याला म्हणणार होते की अरे बाळा, मला तसं म्हणायचं नव्हतं. पण त्यानं खरंच हात जोडले होते. “न्हाय बदलत,” मी म्हटलं. जा बाई, आता निस्तर.

मामा दीड महिन्यानं घरी आले. वॉकर घेऊन, पुतण्याच्या आधारानं. पुतण्या म्हणाला, चार दिवस राहू दे म्हणत्यात, मग नेतो कुरुंदवाडला. मी भाकरी-पिठलं घेऊन गेले. मामा कॉटवर बसले होते, दाराकडं तोंड करून. कुत्र्याचं ॲल्युमिनियमचं, आमच्या भाषेत जर्मलचं, ताट कुणीतरी धुऊन भिंतीला उभं केलं होतं.

“कुणी म्हणलं पिसाळलंय म्हणून?” मामांनी विचारलं. रामराम नाही, कशी आहेस नाही.

मी म्हटलं, “गल्लीत सगळीच ओरडत हुती मामा.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि डोकं हलवलं. “मी पडलेलो, पर डोळं उघडं हुतं. दारातनं तू दिसत हुतीस. फोन लावलेलास. पिसाळलंय, म्हणलीस. परत एकदा म्हणलीस.”

मी म्हटलं, “तुमाला ऐकू आलं?”

“ऐकू कुठलं येतंय? तुझा आवाज कवाच ऐकला न्हाय मी. मागांच्या खात्यात कुणाचं कुणाला ऐकू येत न्हाय, समदी तोंड बघून बोलत्यात. तू तोंड मोठं उघडतीस, म्हणून तुझं कळतं.”

इतकी वर्षं मी समजत होते की माझा आवाज पोचतो. मी तिथंच खाली बसले आणि रडले. मामांनी मला रडू दिलं. मग त्यांनी त्यांचं काय ते सांगितलं. चौकातल्या मटणवाल्याच्या कुत्रीला पिलं झाली होती. त्यातलं एक त्यांना आणायचं होतं. शिकवायला वर्ष जाईल म्हणाले, पण शिकंल. पण घरमालकीण नाही म्हणत होती आणि तिच्या मागं सगळी गल्ली नाही म्हणत होती, की एक पिसाळलं, आता दुसरं नको. कुत्रं नाही तर एकट्यानं राहायचं नाही, कुरुंदवाडला जायचं.

“माझं जनावर पिसाळलं नव्हतं,” मामा म्हणाले. “ते मला राखत हुतं. तू म्हणलीस, तूच माघारी घे. चारचौघांत घे.”

“पण मामा, त्या पोराची नोकरी जाईल.”

“मग माझं काय जातंय ते तू बघ,” ते म्हणाले आणि भाकरी मोडायला लागले.

चार दिवस मी नुसती जळत होते. एकीकडं ते जोडलेले हात, एकीकडं हे. सून म्हणाली, “आई, गप बसा. तुमी बोललात की आणि व्हिडिओ हुईल.” ती खरं बोलत होती, म्हणून मला तिचा आणखी राग आला.

रविवारी सकाळी तालमीच्या हॉलमध्ये चर्चा होती. विषय, पोलिसांनी कुत्र्यांवर बंदूक चालवावी का. दोन्हीकडचे पुढारी, चॅनेलचा कॅमेरा, मागं पुतण्यानं मामांना खुर्चीत आणून बसवलेलं. घरमालकीणही होती. मास्तर बोलून झाले आणि मी हात वर न करता उभी राहिले. माईक नको म्हटलं, मला माईक कशाला?

“ऐका समदी,” मी म्हटलं. “त्या फोनवर मी बोललो. पिसाळलंय म्हणलो. आमच्या घरात रागाला आलं की पिसाळलं म्हणत्यात. कुत्रं रागाला आलतं. मालक पडला म्हणून भ्यालतं. त्याला रोग नव्हता. माझा शब्द चुकला. फौजदारानं माझ्या शब्दावर गोळी झाडली, त्यात त्याची चूक न्हाय. माझी हाय. आणि मामांना दुसरं कुत्रं पाळू द्या. एवढंच.”

मला वाटलं, झालं बाई. मग जे सुटलं! प्राणिमित्रांतला एक जण बाकावर चढला, “ऐकलंत? निरोगी कुत्र्याचा खून! फौजदाराला निलंबित करा!” पलीकडून ओरडा, “म्हातारीला कुणीतरी फितवलंय! मग सत्काराला कशाला आलतीस गं? शाल परत कर!” कुणीतरी विचारलं की रोग नव्हता हे तुला कसं कळलं, तू डॉक्टर हाईस व्हय? तपासायला काही राहिलंच नव्हतं. खुर्च्या सरकल्या, कॅमेरा माझ्या तोंडात घुसला. मामांबद्दल मी जे बोलले ते कुणाच्या कानात गेलं असेल तर देवाला ठाऊक.

घरमालकिणीच्या मात्र गेलं होतं. ती बाहेर पायरीवर मला भेटली. वाईट बाई नाही ती. तिनं माझा दंड धरला.

“म्हंजे ते पिसाळलेलं नव्हतं?”

“न्हवतं,” मी म्हटलं, “देवाशपथ न्हवतं.”

“मग तर लईच वंगाळ की गं. रोग असता तर समजलं असतं. धडधाकट कुत्रं वळखीच्या माणसाला फाडाय बघतंय, मग दुसरं तरी कशाला आणायचं? उद्या मामा परत पडलं तर आत कोण जाणार? न्हाय बाई. मला जमायचं न्हाय.”

तिचं काय चुकलं होतं? पिसाळलेलं म्हणा नाहीतर शहाणं म्हणा, दोन्ही वाटा कुरुंदवाडलाच जात होत्या. मी एवढं बोलून त्या पोराच्या पोटावर पाय आणला आणि मामांच्या हातात काही पडलं नाही.

फौजदाराची बदली झाली. कुठं ते मी विचारलं नाही. तो गिरणीसमोरून एकदा मोटरसायकलवरून गेला, माझ्याकडं बघितलं आणि मान वळवली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मामांना पुतण्या पुढच्याच आठवड्यात घेऊन गेला. खोलीत आता कॉलेजची दोन पोरं राहतात. वाद अजून चालू आहे म्हणे. मी चॅनेल लावत नाही.

दोन महिन्यांनी मी कुरुंदवाडला गेले. नव्या गव्हाचं पीठ दळून नेलं होतं. पुतण्याचं घर चांगलं मोठं आहे, पुढं अंगण, म्हशी, माणसांचा राबता. मामा सोप्यात भिंतीला टेकून बसले होते. जरा बारीक झाले होते, पण दाढी केलेली, सदरा स्वच्छ. माणसं त्यांना बघत नव्हती असं नाही. जेवायची वेळ झाली. सगळ्यांची ताटं आतून आली. मामांचं ताट खिडकीत वेगळं ठेवलेलं होतं, पेलाही तिथंच, काठाला खिळ्यानं खूण केलेली. लहान पोरं मामांच्या बाजूनं न जाता अंगणातून वळसा घालून जात होती.

मी पुतण्याच्या बायकोला बाजूला घेऊन विचारलं. ती तोंड आत करून हळू बोलली. “मावशी, त्या कुत्र्यासंगं एका ताटात जेवायचे म्हणं ते. ते विष बारा वर्षांनी पण उठतं म्हणत्यात. माणूस पण पिसाळतंय. लेकरं हायत घरात.”

“अगं, कुत्रं पिसाळलेलं नव्हतं! मीच तसं म्हणलेलो, मीच सांगतोय की न्हवतं.”

“व्हय, बघितला आमी तुमचा व्हिडिओ,” ती म्हणाली. “पर तुमी आधी एक म्हणला, मग दुसरं म्हणला. आमी काय धरायचं?” तिच्या आवाजात भांडण नव्हतं, खरंच विचारत होती. मामांना इंजेक्शनं दिली होती, कागद होते, सगळं होतं. मी सांगितलं. तिनं मान डोलावली आणि भात वाढायला गेली.

मी मामांच्या शेजारी येऊन बसले. त्यांनी ताटाकडं हात केला.

“ताटाचंच इच्यारलंस न्हवं तिला? काय म्हणली? ती माझ्याकडं पाठ करून बोलती. सगळीच तशी बोलत्यात हितं.”

“काय न्हाय मामा. वय झालंय, तुमाला मऊ लागतंय, म्हणून वेगळं.”

“ओठ नीट हलवंनास तू,” ते म्हणाले. “मोठ्यानं बोल की. तुझं एकटीचं तर कळतंय मला.”

ते माझ्या तोंडाकडं बघत राहिले. त्यांच्याशी खोटं बोलायचं म्हणजे तोंड मिटून बसायचं, आणि तोंड मिटलं तर त्यांना सांगणारं त्या घरात कोणीच नव्हतं. मग मी त्यांच्यासमोर वळून बसले आणि तोंड नीट उघडून सांगितलं. की कुत्र्यापासून तुम्हाला लागलं असंल असं म्हणत्यात. तुमीबी पिसाळाल म्हणत्यात.

मामांनी ते वाचलं. थोडा वेळ माझ्या ओठांकडं बघत होते, पुढं आणखी काही येतंय का म्हणून. काही येत नाही असं दिसल्यावर त्यांनी खिडकीतलं ताट ओढून मांडीवर घेतलं.

“मग बरोबर हाय की त्यांचं,” ते म्हणाले. “लेकरं हायत.”